लॉग बर्नरचं सर्टिफिकेट

६ जानेवारी २०२५, सोमवार

सर्टिफिकेट नाही!

घराला गिऱ्हाईक मिळालं, सर्व्हे झाला, फक्त कॉन्ट्रॅक्टवर सह्या राहिल्या — आणि आज सॉलिसिटर बाईंचा ईमेल. पुढच्या खोलीत लॉग बर्नर, म्हणजे लाकूड जाळायची बंद शेगडी, आहे असं सर्व्हेत दिसतंय, तो कोणी बसवला त्याचं सर्टिफिकेट पाठवा. घेणाऱ्यांचा वकील अडून बसलाय. कागद हातात आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही म्हणतो.

नवऱ्याला विचारलं. कोर्टाचा शेवटचा कागद येईपर्यंत नवराच आहे, म्हणून नवरा लिहिते. अनुप त्याच लॉग बर्नरसमोर मोजे वाळत घालून बसला होता. “असेल कुठेतरी,” म्हणाला. मान वर न करता.

अकरा वर्षं संसार केला या दोन शब्दांवर. ऑगस्टमध्ये घटस्फोटाचा अर्ज मी टाकला. घर विकायचं मी ठरवलं. एजंट फोटो काढायला येणार म्हणून बाथरूमच्या टाइल्स मी घासल्या. याचं आपलं — असेल कुठेतरी. घर विकलं जात नाही तोवर मी पहिल्या मजल्यावर बेडरूममध्ये आणि हा वर अ‍ॅटिकमध्ये. एका छपराखाली दोन भाडेकरू, आणि किचन कॉमन.

८ जानेवारी, बुधवार

सगळी कपाटं उपसली. नाही. असणारच नव्हतं! संध्याकाळी कोंडीत पकडलं तेव्हा कबूल झाला.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. साकेत, म्हणजे याचा कॉलेजचा मित्र, मिल्टन कीन्सहून वीकेंडला आला होता. दोघांनी तीन व्हिडिओ बघितले, बंद फायरप्लेसवरचा बोर्ड उचकटला, कोणाचा तरी वापरलेला बर्नर गाडीतून आणून बसवला आणि धुराचा पाइप सरळ शंभर वर्षांच्या चिमणीत खुपसला. चिमणीत आतून वरपर्यंत स्टीलची नळी घालायची असते म्हणे. नाही घातली. मी तेव्हा दोघांना कांदाभजी तळून देत होते. आठवून स्वतःचाच राग आला.

नियम काय फार अवघड आहे? रजिस्टर्ड माणसाकडून बसवून घ्या, तोच सर्टिफिकेट देतो. स्वतः बसवायचा असेल तर आधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवा, त्यांचा माणूस येऊन बघून जातो. दोन रस्ते आहेत. या दोघांनी तिसरा काढला.

“चालतोय ना व्यवस्थित? मग?” — इति अनुप.

आणि वर साकेत इंजिनियर! डेटाबेसचा इंजिनियर आहे तो. त्याच्या बायकोनं त्याला कधी नळाचा वॉशर बदलू दिला नसेल.

९ जानेवारी, गुरुवार

डोकं फुटतंय. दोन पॅरासिटामॉल घेतल्या. हा माणूस घरात आहे तोवर थांबायचं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

लंचमध्ये कौन्सिलला फोन लावला. चाळीस मिनिटं तीच ट्यून. शेवटी एक बरा माणूस मिळाला. त्याला सगळं खरं सांगितलं — कोणी बसवला, कधी, कसा. तो म्हणाला, झालेल्या कामालाही मंजुरी मिळते, रेग्युलरायझेशन म्हणतात, पण इन्स्पेक्टर येणार, वेळ पडली तर भिंत उघडायला लावणार. फॉर्म पाठवतो म्हणाला. हलकं वाटलं.

मग सॉलिसिटर बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, “ओह. तुम्ही कौन्सिलला फोन केलात?” जसं काही मी चोरी केली. तर भानगड अशी की अशा वेळी लोक एक इन्शुरन्स काढतात, कागद नसल्याचा इन्शुरन्स, आणि विषय संपतो. अट एकच — कौन्सिलला काही सांगितलेलं नसावं. मी सांगितलं! आता तो मिळणार नाही.

म्हणजे या देशात खरं बोललं की पॉलिसी रद्द. मी टेस्टर आहे, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून रिपोर्ट करण्याचा मला पगार मिळतो. अनुपला सांगितलं तर त्याला हसू आवरेना. “तू पण ना, निवेदिता. सगळीकडे बग रिपोर्ट करतेस.”

हसतोय कारण त्याला घर विकायचंच नाहीये. कॉन्ट्रॅक्ट पंधरा दिवस टेबलावर पडलंय. माझी सही करायचीय ती दोघं मिळून करू म्हणून थांबले. याला रोज पेन सापडत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. वीणाताईचा ईलिंगहून फोन. तिळगूळ व्हॉट्सअ‍ॅपवर. मी म्हटलं गोड बोलण्याचं पुढच्या वर्षी बघू.

ताईकडे ख्रिसमसला चार दिवस होते तेव्हा डोकं एकदाही दुखलं नाही. पाचव्या दिवशी इथे परत आले, दुसऱ्या सकाळी सुरू. तिला म्हटलं, यापेक्षा अजून काय पुरावा हवा? ती म्हणाली, “बाई गं, मग नीघच तिथून.” तिनं आजपर्यंत एकदाही मला तडजोड कर म्हटलेलं नाही, हे तिचे उपकार.

१९ जानेवारी, रविवार

कडाक्याची थंडी. सकाळी अकरापासून पेटवून बसलाय. वापरू नकोस म्हटलं, मंजुरी नाही त्याला. म्हणाला, “तुला थंडी वाजते म्हणून पेटवतो.”

माझ्यासाठी! पहिल्यापासून हेच. घर गार आहे असं मी एकदा म्हटलं होतं, एकदाच, तर साहेबांनी लॉग बर्नर आणला. डबल ग्लेझिंग कर म्हणून चार वर्षं सांगत होते ते ऐकू आलं नाही. ज्यात फोटो चांगला येतो ते प्रेम याला जमतं.

खूप बोलले. माझा आवाज चढला की तो माझ्याकडे न बघता लाकूड सरकवत बसतो. तेवढ्यानं अजून चढतो.

२३ जानेवारी, गुरुवार

दुधाची बाटली कपाटात आणि पोळ्यांचा डबा फ्रिजमध्ये. मीटिंगमध्ये वाक्य अर्धं बोलून पुढचं विसरले. मॅनेजर अलगद म्हणाली, घरी सगळं ठीक आहे ना?

नाही. घरी अनुप आहे.

२७ जानेवारी, सोमवार

कौन्सिलचा फॉर्म आला. बर्नरचं मॉडेल, किती किलोवॅट, धूरबंदीच्या भागात चालणारा आहे का, चिमणीत काय घातलंय, अलार्म कुठे लावलाय, पुढचा दगड केवढा. अनुपला मॅन्युअल मागितलं. वापरलेल्या बर्नरला कसलं मॅन्युअल, म्हणाला. अगदी शहाण्यासारखा.

मग मीच टेप घेऊन गुडघ्यावर बसले. बर्नरच्या पुढे न जळणारा दगड तीस सेंटिमीटर हवा. आपला साडेबावीस. पुढे लगेच साकेतनं निवडलेलं लॅमिनेट, कडेला तपकिरी झालेलं. टेप त्याच्या नाकासमोर धरली. “साडेसात सेंटिमीटरसाठी घटस्फोट थांबणार असेल तर बरंच आहे,” म्हणाला.

विनोद! मी टेप फेकून मारली. लागली नाही. लिहितानाही वाईट वाटत नाहीये.

३ फेब्रुवारी, सोमवार

इन्स्पेक्टर येण्याआधी चिमणी साफ करून, तपासून, रिपोर्ट घ्या असं कौन्सिल म्हणते. रजिस्टर्ड स्वीप शोधला. ग्रॅहम. बारा तारखेला येतो म्हणाला. तोवर पेटवू नका, म्हणाला. अनुपला निरोप दिला. संध्याकाळी घरी आले तर पेटलेला.

५ फेब्रुवारी, बुधवार

उलटीसारखं होतंय. ऑफिसला गेले नाही. दिवसभर बेडरूममध्ये पडून. खाली हा घरून काम करतोय, बर्नर लावून, कॉलवर मोठ्यानं हसतोय. त्या हसण्याचाही तिटकारा येतो आता. एके काळी हेच आवडलं होतं, हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते.

ग्रॅहम नऊला आला. साठीचा, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून. ब्रश फिरवला, अर्धी बादली काजळी निघाली आणि विटांमधला चुना. चुना बघून त्याचं बोलणं कमी झालं. मग म्हणाला, स्मोक टेस्ट करू. खाली एक गोळी पेटवायची, तिचा दाट पांढरा धूर होतो, चिमणीचं वरचं तोंड बंद करायचं, आणि घरभर फिरून बघायचं धूर कुठून येतो ते. कुठूनच यायला नको.

खालच्या खोलीत काही नाही. मी मनात म्हटलं, घ्या, साकेत पास झाला. मग आम्ही वर गेलो.

माझ्या बेडरूममध्ये धूर होता. चिमणीची भिंत माझ्या पलंगाच्या डोक्याशी आहे. स्कर्टिंगच्या वरच्या फटीतून येत होता, आणि मागे जुनं फायरप्लेस बुजवलंय तिथल्या जाळीतून. हळूहळू, न थांबता, उशीवर.

तेवढ्यात अनुप अ‍ॅटिकमधून खाली आला, गळ्यात हेडफोन. “कोण काय जाळतंय? वर धूर झालाय.”

ग्रॅहमनं सगळ्या खिडक्या उघडल्या. मग मला विचारलं, “इथे कोण झोपतं, लव्ह?” मी म्हटलं, मी. “किती दिवस?” तिसरा हिवाळा, म्हटलं. “आणि डोकं दुखतं?”

मी हो म्हटलं. अनुपही हो म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. तो कधी बोलला नव्हता.

धूर दिसतो म्हणून कळलं, म्हणाला ग्रॅहम. रोज जो येत होता तो दिसत नाही, त्याला वास नाही. कार्बन मोनॉक्साइड. खाली हवा ओढली जाते म्हणून खाली त्रास कमी. चिमणीच्या विटा वर फुटल्यात, स्टीलची नळी असती तर हे झालं नसतं. बर्नरच्या दाराला लाल लेबल बांधलं — वापरू नये. दोघांनी आजच डॉक्टरकडे जा म्हणाला.

मग जाताना जिन्यात थांबला. “तुमचे अलार्म कुठायत?”

हे आता नाही लिहिता येत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जीपी डॉक्टर म्हणाली, रक्तात आता काही सापडणार नाही, काही तासांत निघून जातं. डोकेदुखी, मळमळ, विसरणं — हो, होऊ शकतं. मी विचारलं, चिडचिड? माणूस नकोसा होणं? ती म्हणाली, “मूडवर परिणाम होतो. पण किती त्यामुळे आणि किती नाही, ते कोणीच सांगू शकणार नाही.”

घराबाहेर गेल्यावर बरं वाटायचं का, विचारलं तिनं. मी ईलिंगचे चार दिवस सांगितले. सांगताना माझं मलाच ऐकू आलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आता अलार्मचं.

अलार्म मी काढले. मीच. सगळे, एकाच दिवशी — हे नीट आठवून लिहिते. बर्नर बसवला त्या ऑक्टोबरात अनुपनं दोन नवे पांढरे डबे, कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, आणून लावले होते, एक खाली, एक बेडरूममध्ये. जिन्यातला जुना, धुराचा, आधीपासून होता. तो फोडणी दिली की कोकलायचा. मोहरी तडतडली की तो, मिरची पडली की तो. इथल्या सगळ्या आपल्या घरांत त्यावर शॉवर कॅप चढवलेली असते, आमच्याही होती. त्या दिवाळीत चकल्या तळताना कॅपसकट बोंबलला आणि शेजारच्या बाई धावत आल्या. मी स्टूल घेतलं आणि घरातले तिन्ही गोल डबे काढले. सगळे एकाच जातीचे समजून. बिस्किटांच्या निळ्या डब्यात घालून जिन्याखाली ठेवले, सुया-दोऱ्यांच्या शेजारी.

बेडरूममधल्याचा फोडणीशी काही संबंध नव्हता. तो फक्त याच एका गोष्टीसाठी होता.

अनुपला आज सांगितलं. म्हटलं, तू चिमणीत नळी घातली नाहीस, पण मी अलार्म काढला. तो म्हणाला, “माहितीय. भिंतीवर गोल डाग दिसला होता मला. तेव्हाच.”

मग बोलला का नाहीस?

“तू ओरडली असतीस.”

ओरडले असते हे खरं आहे. दोन वर्षं हा माणूस विष हुंगत झोपला, माझा आवाज चढू नये म्हणून. आणि मी त्याला बोलत राहिले — लाकूड काय सरकवतोस, बघ की माझ्याकडे!

२० फेब्रुवारी, गुरुवार

अलार्म नवे आणले, लावले. स्टूल त्यानं धरलं.

डोकं दुखलं नाही त्याला आज आठवा दिवस.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही मागे उलटून वाचली. कसली बाई आहे ही? पानापानावर नुसती फणफण. हसण्याचा तिटकारा काय, टेप फेकून मारणं काय. मी अशी नव्हते. आई म्हणायची, घरात सगळ्यात शांत निवी.

मग वाटलं, यातलं माझं किती आणि चिमणीचं किती? वकिलाकडे अर्ज टाकला तो ऑगस्ट होता, तेव्हा बर्नर बंद होता — पण मनात आलं ते गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. फेब्रुवारीत रोज पेटलेला असायचा. आठवायला बसले की डोकं गरगरतं, आणि हे गरगरणं नेहमीचंच आहे, वायूचं नाही.

२ मार्च, रविवार

साकेतचा अनुपला फोन आला होता. रडला म्हणे. रडू दे. त्याच्यावरचा राग अजून शाबूत आहे, आणि तो माझा स्वतःचा आहे याची मला खात्री आहे.

संध्याकाळी पिठलं-भात केला. अनुप किचनमध्येच जेवला, ताट घेऊन वर गेला नाही. साडेसात सेंटिमीटरवरून काहीतरी बोलला आणि मला हसू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा एका टेबलावर बसून हसलो. जुनं हसणं आहे त्याचं. बदललेलं नाही.

५ मार्च, बुधवार

वीणाताईला सांगितलं की कदाचित थांबेन. “तू बरी झाली आहेस ना नक्की?” म्हणाली.

बरी झाले म्हणूनच तर.

१० मार्च, सोमवार

सॉलिसिटर बाईंना मेल टाकला. विक्री सध्या थांबवा, घेणाऱ्यांना कळवा. घटस्फोटाचंही पुढचं पाऊल उचलू नका. कारण लिहिलं नाही. कारण काय लिहिणार — की चिमणी गळत होती?

रजिस्टर्ड माणसाला बोलावलंय. नळी घालून, दगड मोठा करून, सगळं नियमाप्रमाणे. उद्या सकाळी अनुपला सांगणार. आज सांगावंसं वाटत होतं, पण लाजल्यासारखं झालं. एक्केचाळीसाव्या वर्षी!

११ मार्च, मंगळवार

उठून खाली गेले तर टेबलावर कॉन्ट्रॅक्ट. त्यावर अनुपची सही. तारखेसकट.

म्हटलं, अरे, मी थांबवायला सांगितलंय त्यांना. म्हणाला, “मला वाटलंच होतं तू असं काही करशील.” आवाज अगदी मऊ. “इतके दिवस सही टाळली, कारण डोक्यात एकच होतं — ही गेली तर माझं काय होईल. गेले चार आठवडे डोकं साफ आहे. रोज सकाळी तोच प्रश्न स्वतःला विचारून बघतो. काही होणार नाही, निवेदिता. मी ठीक राहीन.”

रागानं म्हणाला असता तर भांडले असते. चहाचा कप विसळून ठेवला, कोट घातला, ऑफिसला गेला.

आता फक्त माझी सही राहिली आहे.